शहरी आपत्तीत रुग्णवाहिका, बंब, टँकर कुठे ठेवायचे? सिम्युलेशन बांधणाऱ्यांचा धागा

रांगेतला (धागाकर्ता)

आधी एक छोटं गणित. शहरात १० रुग्णवाहिका आहेत. एक फेरी, म्हणजे गाडी नेमल्यापासून रुग्ण सोपवून पुन्हा मोकळी होईपर्यंत, सरासरी ६० मिनिटांची. तासाला ६ कॉल आले तर एर्लांगच्या रांगेच्या सूत्रानुसार सुमारे १० टक्के कॉलना थांबावं लागतं आणि सगळ्या कॉलची मिळून सरासरी प्रतीक्षा येते दीड मिनिट. तासाला ९ कॉल झाले की ६७ टक्के थांबतात आणि सरासरी प्रतीक्षा ४० मिनिटांवर जाते. कॉल दीडपट, प्रतीक्षा सव्वीसपट.

आता कॉल ६ च ठेवा आणि फेरी ६० ऐवजी ९० मिनिटांची करा. तेच सूत्र सरासरी प्रतीक्षा ६० मिनिटं देतं. शहरात एकही जादा माणूस जखमी झालेला नाही. दोन रस्ते पाण्याखाली गेले आणि रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर लवकर रिकामं होईना, एवढ्यावर हे घडतं.

म्हणून सिम्युलेशन (आपत्तीची संगणकावरची नक्कल) बांधताना पहिलं लक्ष फेरीच्या वेळेवर हवं, गाड्यांची संख्या त्यानंतर. एका फेरीची नोंद साधारण अशी दिसते:

०८:१२:०० कॉल नोंदला
०८:१४:३० गाडी नेमली
०८:१६:०० गाडी निघाली
०८:२७:०० घटनास्थळी पोचली
०८:४५:०० रुग्ण घेऊन निघाली
०९:०३:०० रुग्णालयाच्या दारात
०९:४१:०० मोकळी

नेमल्यापासून मोकळी होईपर्यंत साडेशहाऐंशी मिनिटं. त्यात चाकं फिरली ती २९ मिनिटं, आणि ३८ मिनिटं रुग्णालयाच्या दारात गेली. अहवालात मात्र छापतात ०८:१२ ते ०८:२७, म्हणजे पंधरा मिनिटांचा 'प्रतिसादाचा वेळ'. उरलेल्या फेरीकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि पुढच्या रुग्णाची प्रतीक्षा तिथेच ठरते.

बांधणीबद्दल. यासाठी इव्हेंटवर चालणारं (डिस्क्रीट इव्हेंट) मॉडेल पुरतं. वरच्या नोंदीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक इव्हेंट. पायथनमधलं सिमपाय हे सिम्युलेशनचं पॅकेज घेतलं तर गाभा काही शे ओळींत होतो. एक खाच आहे: सिमपायचं साधं 'रिसोर्स' गाड्यांसाठी वापरू नका. 'दहापैकी एक मिळाली' एवढंच ते सांगतं, कुठली मिळाली ते नाही, आणि इथे तर गाडी कुठे उभी आहे यावरच सगळा खेळ. 'फिल्टरस्टोअर' घ्या (त्यातून हवी ती गाडी निवडता येते) किंवा मोकळ्या गाड्यांची यादी स्वतः सांभाळून डिस्पॅचर, म्हणजे कुठल्या कॉलला कुठली गाडी ते ठरवणारा भाग, वेगळा लिहा. धोरण बदलायचं म्हणजे तेवढं एक फंक्शन बदलायचं, बाकी मॉडेलला हात लागत नाही.

कॉलची यादी रन (मॉडेल एकदा चालवणं) सुरू होण्याआधीच तयार करून फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कॉलबरोबर वेळ, नकाशावरचा चौकोन, गांभीर्य, घटनास्थळी लागणारी मिनिटं आणि रुग्णालयात न्यावं लागेल की नाही, हे सगळं तेव्हाच ठरवून टाका. आपत्तीत कॉलचा दर तासागणिक बदलतो, म्हणून सर्वोच्च दराने कॉल पाडायचे आणि 'त्या क्षणाचा दर भागिले सर्वोच्च दर' एवढ्या संभाव्यतेने ठेवायचे किंवा फेकायचे. घटनास्थळाच्या मिनिटांसाठी लॉगनॉर्मल वितरण घ्या. नॉर्मल घेतलं तर अधूनमधून उणे मिनिटं निघतात आणि लांबलेल्या केसेसची शेपटीही हरवते.

रुग्णालयातली ३८ मिनिटं मात्र कुठल्याही वितरणातून उचलू नका. तिथल्या खाटा आणि तपासणीच्या जागा हे वेगळं रिसोर्स करा. रुग्ण टेकवायला जागा मिळेपर्यंत गाडी अडकलेली राहील आणि तो वेळ मॉडेलमधून आपोआप निघेल. ठरावीक वितरण टाकलं की आपत्तीतही रुग्णालय नेहमीच्या दिवसासारखं वागतं आणि सगळे निष्कर्ष गुलाबी येतात.

रस्ते, आग, पाणी यांतले जाणकार इथे आहेत. त्यांनी भर घालावी.

पॉइसाँपंत

गणित बरोबर आहे, पण वाचणाऱ्याने ४० मिनिटं हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. ती स्थिर अवस्थेतली, म्हणजे यंत्रणा त्याच दराने खूप वेळ चालल्यावरची, सरासरी आहे. रिकाम्या यंत्रणेपासून सुरुवात केली तर १० गाड्या आणि ९० टक्के भार असताना त्या अवस्थेच्या जवळ जायला दिवसाहून जास्त लागतो. सहा तासांच्या पुरात ती येतच नाही. शिवाय सूत्र फेरीचा वेळ एक्स्पोनेन्शियल (बहुतेक फेऱ्या छोट्या, काही फार लांब) धरतं. प्रत्यक्षातला चढउतार कमी असेल, म्हणजे प्रमाण विचलन सरासरीच्या निम्मं, तर प्रतीक्षा अंदाजे ०.६२५ पट होते. ४० ची २५ मिनिटं.

आपत्तीत खरं चित्र याहून वाईट असतं, कारण कॉलचा दर क्षमतेच्या वर जातो आणि मग स्थिर अवस्था नावाचं काही उरतच नाही. दहा गाड्या तासाला १० फेऱ्या करतात आणि कॉल येतात १२. दर तासाला २ कॉल साठत जातात. सहा तासांत १२ तुंबले. मग पाऊस थांबला, कॉल ६ वर आले. आता तासाला ४ निपटतात, म्हणजे तुंबलेले संपायला आणखी ३ तास. अहवालात 'आपत्ती कालावधी ६ तास' लिहून रन तिथेच कापणारे ही शेपूट गमावतात. रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत घड्याळ चालू ठेवा.

सूत्राचा खरा उपयोग तपासणीला आहे. मॉडेलमध्ये प्रवासाचा वेळ शून्य करा, फेरी एक्स्पोनेन्शियल ६० मिनिटं, तासाला ६ कॉल, आणि हजारो तासांचा लांब रन. प्रतीक्षा दीड मिनिटाच्या आसपास आली नाही तर कोडमध्ये चूक आहे. मग एकच गाडी ठेवून बघा, मग पाचशे ठेवून बघा. पाचशे गाड्या असूनही कुणाला थांबावं लागत असेल तर कुठलीतरी गाडी मोकळी करायची ओळ राहून गेली आहे. आणि दर रनच्या शेवटी आलेले कॉल = निपटलेले + रांगेतले + चालू असलेले, हा हिशोब कोडनेच तपासावा.

शंकासुर

एक भाबडी शंका. एवढा खटाटोप कशाला? जागा ठरवायला ऑप्टिमायझर (सर्वोत्तम मांडणी शोधणारे प्रोग्राम) आहेतच की. गाड्या कुठे ठेवायच्या ते सोडवायचं आणि मोकळं व्हायचं.

रांगेतला

शंका भाबडी नाही. चर्च आणि रिव्हेल यांचं १९७४ चं 'जास्तीत जास्त व्याप्ती'चं मॉडेल हेच करतं: ठरावीक मिनिटांत जास्तीत जास्त लोकसंख्येपर्यंत पोचता येईल अशा जागा निवडतं. शहरभर ४०० चौकोन आणि ३० संभाव्य थांबे असतील तर हाय्ससारखा (HiGHS) फुकट सॉल्व्हर, म्हणजे असली गणितं सोडवणारा प्रोग्राम, साध्या लॅपटॉपवर हे चटकन सोडवतो. पण ते गाडी नेहमी जागेवर आहे असं धरून चालतं. आपत्तीत ती जागेवर नसते, तोच तर मूळ प्रश्न आहे. डॅस्किनने १९८३ मध्ये गाडी व्यस्त असण्याची संभाव्यता त्यात घातली. लार्सनचं १९७४ चं हायपरक्यूब मॉडेल प्रत्येक गाडीची व्यस्त-मोकळी स्थिती धरतं. तरी रस्ते बंद होणं, कॉलचा दर तासागणिक बदलणं, रुग्णालय तुंबणं हे सगळं एकत्र आलं की सूत्रं हात टेकतात.

म्हणून दोन्ही वापरायचे. ऑप्टिमायझरकडून पाच-सहा बऱ्या मांडण्या घ्यायच्या आणि सिम्युलेशनमध्ये सगळ्यांना एकाच आपत्तीतून काढायचं.

हाताशी ठेवायला आणखी एक नियम: सरासरी अंतर हे 'क्षेत्रफळ भागिले मोकळ्या गाड्या' याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. काटकोनी रस्ते आणि विखुरलेल्या गाड्या धरल्या तर गुणक सुमारे ०.६३. म्हणजे १०० चौरस किमीत १० मोकळ्या गाड्या असताना सरासरी २ किमी, आणि दोनच उरल्या की साडेचार किमी. शेवटच्या दोन-तीन मोकळ्या गाड्या फार मोलाच्या असतात त्या यामुळे. आणि 'सगळ्यात जवळची मोकळी गाडी पाठवा' हा नियम नेहमी सर्वोत्तम नसतो, हे कार्टर, चेकन आणि इग्नॉल यांनी १९७२ मध्येच दाखवलं. जवळची गाडी गेल्यावर मागे मोठा भाग उघडा पडत असेल, तर किरकोळ कॉलला जरा लांबची पाठवणं फायद्याचं. गंभीर कॉलला मात्र जवळचीच. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब किंवा शॉक मिळाला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. तिथे मागच्या भागाचा विचार करत बसायला वाव नाही.

नकाशाखोर

रस्त्यांबद्दल लिहितो, कारण बहुतेक मॉडेलं इथेच गंडतात.

ओपनस्ट्रीटमॅपचं जाळं घ्या, ५०० मीटरचे चौकोन पाडा. १०० चौरस किमीला ४०० चौकोन, म्हणजे १,६०,००० जोड्यांची प्रवासवेळ. ओएसआरएम हा मार्ग शोधणारा प्रोग्राम हे काम झटपट करतो. पण त्याच्या वेळा मोकळ्या रस्त्याच्या असतात, शिवाय सायरन वाजवणारी गाडी उलट दिशेनेही घुसते ते त्याला ठाऊक नाही. गाड्यांच्या जीपीएस नोंदी असतील तर तासवार गुणक काढा. नसतील तर निदान दोन टोकांचे गुणक धरून दोन्हीचे निकाल द्या.

पूर असेल तर दर १५ मिनिटांनी मॅट्रिक्स (या सगळ्या प्रवासवेळांचा तक्ता) नवी. पाण्याच्या खोलीवरून वेग कमी करायचा: साधारण १५ सेंमीला गाडी रांगते, ३० सेंमीला सामान्य गाडीसाठी रस्ता बंद धरायचा. उंच चाकांच्या ट्रकला वेगळी मर्यादा द्या, म्हणजेच प्रत्येक वाहनप्रकाराची मॅट्रिक्स वेगळी.

आता नेहमीचे घोळ. उंचीचा नकाशा वरून बघतो, त्यामुळे भुयारी मार्ग त्याला वरच्या रस्त्याएवढा उंच दिसतो. पावसात सगळ्यात आधी भरतो तो हाच, आणि मॉडेलमध्ये शेवटपर्यंत कोरडा राहतो. उलट, नकाशातून उड्डाणपूल गाळलेले असतील तर पुलाखालची उंची पुलाला चिकटते आणि कोरडा पूल बुडतो. 'ब्रिज' आणि 'टनेल' हे टॅग बघून अशा रस्त्यांची उंची हाताने दुरुस्त करावी लागते. पर्याय नाही. चौकोनाचा मध्यबिंदू नदीपल्याडच्या रस्त्याला चिकटणं हा दुसरा घोळ. तो पकडायला सरळ रेषेच्या अंतराशी रस्त्याच्या अंतराचं गुणोत्तर काढा आणि ३ च्या वरच्या सगळ्या जोड्या डोळ्यांनी तपासा.

सगळ्यात घातक चूक वेगळीच. दोन चौकोनांमध्ये वाटच उरली नाही की राउटर रिकामी किंमत देतो. कुणीतरी तिथे ९९९९ भरतं आणि सरासरीचा चुथडा होतो. शून्य भरलं तर आणखी मजा, बुडालेल्या वस्तीत गाडी क्षणात हजर! 'पोचता येत नाही' ही वेगळी अवस्था ठेवा आणि असे कॉल वेगळे मोजा. ते बोटींचं काम आहे.

शिवाय गाडी गेली आणि परतीची वाट बुडाली, हेही होतं. निघतानाच फेरी संपेपर्यंतचा, निदान पुढच्या तासाभराचा पुराचा अंदाज बघून मार्ग निवडायचा. पाण्याची पातळी स्विम (SWMM) किंवा हेक-रास या पाण्याच्या प्रोग्राममधून आधीच काढून ठेवा. प्रत्येक रनला पूर नव्याने सोडवत बसलात तर रात्र सरेल.

बंबवाला

रुग्णवाहिकेचं मॉडेल उचलून बंबांना लावू नका. रुग्णवाहिका एका कॉलला एक जाते. आगीला तीन-चार गाड्या एकदम लागतात आणि किती वेळ अडकतील ते आगीच्या आकारावर अवलंबून. पहिला बंब उशिरा पोचला की आग वाढते, मग जास्त बंब जास्त वेळ अडकतात, त्यामुळे पुढच्या आगीला आणखी उशीर. हे चक्र मॉडेलमध्ये नसेल तर भूकंपानंतरचं शहर कळणारच नाही. किमान एवढं करा: पोचेपर्यंत गेलेल्या मिनिटांनुसार आगीची पायरी ठरवा, आणि पायरीनुसार बंबांची संख्या व तास.

दुसरं, साधनं एकमेकांवर अवलंबून असतात. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात ६,४०० हून अधिक माणसं गेली. रस्ते ढिगाऱ्यांनी अडले होते आणि जलवाहिन्या फुटल्याने बंबांना पाणी मिळत नव्हतं. त्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या रोबोकप रेस्क्यूच्या सिम्युलेशन स्पर्धेत म्हणूनच तीन प्रकारची पथकं असतात: रुग्णवाहिका, अग्निशमन, आणि रस्ता मोकळा करणारे पोलीस. बहुतेक मॉडेलांत हा तिसरा प्रकार नसतोच. जेसीबी कुठल्या रस्त्यावर आधी पाठवायचा याचा परिणाम चार जादा बंबांपेक्षा मोठा असू शकतो. तपासायला सोपं आहे: बंद रस्त्यांची यादी घ्या, एकेक रस्ता मोकळा धरून रन करा, आणि लाल (सगळ्यात गंभीर) रुग्णांची प्रतीक्षा किती मिनिटांनी उतरते त्यावरून क्रम लावा. दोन रस्ते मिळूनच उपयोगी असतील (एक पूल आणि त्याचा जोडरस्ता, उदाहरणार्थ) तर एकेकटे तपासून ते दिसणार नाहीत. अशा जोड्या हाताने द्या.

न्यूयॉर्कचं उदाहरण माहीत असावं. तिथल्या अग्निशमन दलासाठी रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या सुमारास सिम्युलेशन बांधलं. एका भागातले सगळे बंब आगीवर गेले की दुसरीकडचे तात्पुरते तिथे हलवायचे, याचं कोलेसार आणि वॉकर यांनी दिलेलं गणित त्याच कामातलं. पण त्याच दशकात तिथे काही अग्निशमन तुकड्या बंद करण्याचे निर्णय झाले आणि ब्राँक्ससारख्या गरीब भागांतल्या आगींशी त्यांचा संबंध जोडून आजही वाद चालतो. तांत्रिक बाजू एवढी की फक्त सरासरी प्रतिसादाचा वेळ कमी करायला सांगितलं तर मॉडेल कुणाला तरी बळी देतं. सरासरी सुधारते आणि एक कोपरा मरतो. प्रत्येक विभागाचा ९० पर्सेंटाइल (९० टक्के कॉल ज्याच्या आत बसतात तो वेळ) वेगळा छापा आणि 'कुठल्याही विभागात यापेक्षा जास्त नको' अशी अट घाला.

शंकासुर

मग एजंट-आधारित, म्हणजे एकेक माणूस वेगळा चालवणारं, मॉडेलच घ्यावं ना? माणसं पळतात, रस्ता अडवतात, अफवा पसरतात.

रांगेतला

निर्वासन, गर्दी, वाहतूककोंडी यांच्यासाठी हो. सुमो किंवा मॅटसिम ही वाहतुकीची सिम्युलेटर त्याला आहेत. वाटपाच्या प्रश्नाला सहसा नको. लाख एजंटांचा एक रन तासभर चालला तर धोरणं तपासायला हवे असलेले शेकडो रन होत नाहीत. शिवाय घाबरलेल्या माणसाच्या वागण्याचे पॅरामीटर आणणार कुठून? कोंडीचा परिणाम एकदा सुमोमधून काढा, रस्त्यांच्या गुणकांत बसवा, आणि मुख्य मॉडेल हलकं ठेवा.

मोजपट्टी

रुग्णालयाच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली: रुग्णवाहिका हे रुग्णालयाचं एकमेव दार नाही. २० मार्च १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सरिन हल्ल्यात सेंट ल्यूक्स रुग्णालयात पहिल्याच दिवशी ६४० रुग्ण आले आणि त्यांतले बहुतेक रुग्णवाहिकेशिवाय, चालत किंवा मिळेल त्या वाहनाने. थोडं लागलेली माणसं स्वतःच्या पायांनी सगळ्यात जवळच्या रुग्णालयात आधी पोचतात. गंभीर रुग्ण मागून येतात तेव्हा जागा भरलेली असते. मॉडेलमध्ये चालत येणाऱ्यांचा प्रवाह वेगळा घाला आणि तो घटनेच्या जवळच्या एक-दोन रुग्णालयांवर केंद्रित ठेवा. हा प्रवाह नसेल तर धागाकर्त्याची ३८ मिनिटं मॉडेलमध्ये खूपच कमी दिसतील. रुग्ण कुठे न्यायचा हाही डिस्पॅचरच्याच फंक्शनचा भाग करा: प्रवासाची मिनिटं अधिक दारातली अपेक्षित प्रतीक्षा, यांची बेरीज ज्याची कमी ते रुग्णालय. ५ मिनिटं जास्त चालवून दारातली २५ वाचत असतील तर गाडी २० मिनिटं आधी मोकळी होते.

दुसरी: गांभीर्य स्थिर नसतं. रुग्णांच्या वर्गीकरणाच्या स्टार्ट पद्धतीत श्वास मिनिटाला ३० च्या वर, नखाखाली रक्त परत यायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक असलं तरी रुग्ण लाल. पिवळा (थोडं थांबू शकणारा) रुग्ण थांबून थांबून लाल होतो. दर १५ मिनिटांच्या प्रतीक्षेला पिवळ्याचा लाल होण्याची एक संभाव्यता ठेवा आणि ती कमी-जास्त करून निकाल किती हलतो ते बघा. वर्गीकरणही चुकतं. काही हिरवे (किरकोळ) लाल म्हणून नोंदले जातात आणि खऱ्या लालांची गाडी खातात. शंभर टक्के अचूक वर्गीकरण धरलेलं मॉडेल प्राधान्यक्रमाचा फायदा फुगवून दाखवतं.

गाडी मोकळी असली तरी ऑक्सिजन असेलच असं नाही. १० लिटरचं सिलिंडर १५० बारला भरलं की १,५०० लिटर वायू. एक पंचमांश राखीव ठेवून मिनिटाला १० लिटरने १२० मिनिटं. साडेशहाऐंशी मिनिटांच्या फेरीत रुग्ण गाडीत असतो तो वेळ ५६ मिनिटं, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर सिलिंडर बदलायला जावंच लागतं. ती थांबण्याची वेळ फेरीत धरली नाही तर दुपारनंतरचे आकडे खोटे. इंधन आणि पाळी बदलणं यांचंही तेच.

थेंबमोजे

पिण्याच्या टँकरचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या स्फिअर मानकानुसार माणशी दिवसाला १५ लिटर. निवारा छावणीत ५,००० माणसं म्हणजे ७५,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या ८ फेऱ्या. फेरी: भरणं २० मिनिटं, जाणं ४०, उतरवणं ३०, परत ४०. एकूण १३०. दिवसाचे १६ तास धरले तर एका टँकरच्या ७ फेऱ्या. दोन टँकर पुरले.

अशा दहा छावण्या झाल्या तर वीस टँकर? इथे लोक फसतात. भरणा केंद्रावर एकच नळ असेल तर २० मिनिटांना एक टँकर, म्हणजे १६ तासांत ४८ फेऱ्या. ४,८०,००० लिटर, ३२,००० माणसं, बस्स. टँकर वीस असोत की चाळीस, बाकीचे भरणा केंद्राबाहेर ओळीत उभे राहतात. दुसरा नळ किंवा दुसरं केंद्र हा उपाय, आणि तो टँकरपेक्षा स्वस्त असतो. उतरवायलाही छावणीत साठवण टाकी हवी. नळावरून थेट वाटप केलं तर टँकर तासन्‌तास अडकतो: मिनिटाला साडेसात लिटरचे चार नळ लावले तरी १०,००० लिटरला साडेपाच तासांहून जास्त.

धागाकर्त्याच्या फेरीच्या मुद्द्याला +१.

पॉइसाँपंत

रन किती करायचे यावर व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, इथेच लिहितो.

समजा ३० रन केले आणि रनगणिक सरासरी प्रतीक्षेचं प्रमाण विचलन ६ मिनिटं आलं. ९५ टक्के विश्वासाची पट्टी येते साधारण ±२.२ मिनिटं. ती निम्मी करायला चौपट रन, म्हणजे १२०. ९० पर्सेंटाइलसाठी आणखी लागतात, कारण शेपटीत नमुने थोडे.

पण आपल्याला एका धोरणाचा आकडा नको असतो, दोघांतला फरक हवा असतो. दोन्ही धोरणांना तीच कॉल यादी, तेच पाणी, तेच बंद रस्ते द्या. दोन्हींचे निकाल ०.८ ने सहसंबंधित निघाले तर फरकाचं विचलन ८.५ वरून ३.८ वर येतं आणि त्याच ३० रनमध्ये पट्टी ±३.२ ऐवजी ±१.४ होते. धागाकर्त्याने कॉल आधीच फाइलमध्ये ठेवायला सांगितले ते यासाठीच. घटनास्थळाची मिनिटं गाडी पोचल्यावर पाडली तर दोन धोरणांत कॉलचा क्रम बदलतो, यादृच्छिक आकडे घसरतात आणि ही जुळणी मोडते. गाडी बिघडणं, रस्ता बंद होणं यांनाही आपापलं वेगळं सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात).

नकाशाखोर

एक राहिलं. नकाशावर जिथून कॉल येत नाहीत तो भाग सुखरूप आहे असं मॉडेल धरतं. मोबाइल टॉवर पडला की सगळ्यात मोडलेला भागच गप्प होतो, आणि मागणीनुसार हलणारं धोरण तिथली गाडी काढून गोंगाट करणाऱ्या भागाला देतं. उलट बाजूला एकाच अपघाताचे वीस फोन येतात आणि वीस कॉल नोंदले जातात.

दोन्ही मॉडेलमध्ये घाला. खरी घटना आणि नोंदलेला कॉल हे वेगळे ठेवा, आणि डिस्पॅचरला फक्त दुसरं दिसू द्या. मग नियम तपासा: लोकसंख्या आणि अपेक्षित नुकसानीवरून जितके कॉल यायला हवेत त्याच्या २० टक्क्यांहून कमी आले तर त्या विभागातून गाडी काढायची नाही आणि एक मोटरसायकल पाहणीला पाठवायची. २० हा आकडा दगडावरची रेघ नाही. १०, २०, ३० तिन्ही चालवून बघा. डिस्पॅचरला सगळं सत्य दिसतं असं धरलेल्या मॉडेलात हा नियम निरुपयोगी दिसेल, म्हणून आधी ते धरणं सोडा.

शंकासुर

शेवटची शंका. आपत्तीच्या दिवशी नियंत्रण कक्षात हे चालवतं कोण? वीज नाही, नेट नाही, फोन खणखणतायत. दर पाच मिनिटांनी संगणक नवी मांडणी सांगणार आणि चालक ऐकणार?

रांगेतला

नाही ऐकणार, आणि बरोबरच आहे. दर पाच मिनिटांनी नव्याने सोडवणारं धोरण कागदावर छान दिसतं, पण गाड्या सतत रस्त्यावर फिरत राहतात. ते वापरायचंच असेल तर हलवण्याला दंड लावा: फायदा ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच हलवायचं, आणि एक गाडी ३० मिनिटांत दोनदा नाही.

त्या दिवशी कक्षात लागतो तो छापील तक्ता. 'मोकळ्या गाड्या १० असतील तर या १० जागा, ९ असतील तर या ९, ...' अशा दहा ओळी. पूर आणि भूकंप यांचे तक्ते वेगळे, पुराचेही कमी-जास्त पाण्याचे दोन. सिम्युलेशनचं काम आपत्तीआधी हे तक्ते घडवण्याचं. प्रत्येक ओळीची मांडणी ऑप्टिमायझरकडून घ्या, मग सगळा तक्ता एकत्र सिम्युलेशनमधून काढा. सुटा सुटा सोडवला की ७ च्या ओळीतल्या जागा आणि ६ च्या ओळीतल्या जागा भलत्याच निघतात. एक गाडी कॉलवर गेली की उरलेल्या सहाही हलवाव्या लागतात. म्हणून अट घाला की ६ च्या ओळीतल्या निदान ५ जागा ७ च्या ओळीतही असाव्यात. त्यामुळे व्याप्ती किंचित घटते, पण एका कॉलमागे फार तर दोन गाड्या हलतात. तळाच्या दोन ओळी, म्हणजे मोकळ्या गाड्या २ आणि १, यांत जागेच्या बरोबरीने 'आता फक्त लाल कॉल घ्या' हा आदेश छापा. नेमका कुठल्या ओळीपासून छापायचा, ३ की २, ते दोन्ही चालवून ठरवता येतं. पिवळ्यांपैकी किती थांबून लाल झाले, तो आकडा त्यात बघायचा.

फेरीची नोंद मात्र त्या दिवशीही ठेवाच, कागदावर का होईना. सातही वेळा. पुढच्या मॉडेलला त्याच लागतात, आणि 'मोकळी' ही सातवी वेळ लिहायचीच नेमकी राहून जाते.